टीईटीच्या गदारोळात हरवलेला प्रश्न : गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला शिकवणार कोण?

सप्टेंबर २०२५ पासून महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय फिरतोय, टीईटी. वीस-वीस वर्षं वर्गात उभे राहिलेले गुरुजी आणि मॅडम रात्री जेवणं उरकल्यावर बालमानसशास्त्राची गाईडं उघडून बसलेत. नोकरी राहणार की जाणार, ही धास्ती खरी आहे. तिची टिंगल करण्याचं काही कारण नाही. पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो पोरगा या चर्चेत कुठेच दिसत नाही. सातवीच्या वर्गात दशांश अपूर्णांक पाहिले की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला या परीक्षेनं काय मिळणार, हे कुणी विचारत नाही.

म्हणून या निकालाकडे जरा दुसऱ्या बाजूनं पाहू. जगभर गणित आणि विज्ञान शिक्षणावर, म्हणजे ज्याला आता सगळे 'स्टेम' म्हणतात त्यावर, भरपूर संशोधन झालंय. शिक्षक घडतो कसा, याचीही बरीच उत्तरं त्यातून मिळाली आहेत. ती उत्तरं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राजूरसारख्या गावाला लावून पाहिली की आपण नेमकं कुठे चुकतोय ते लक्षात येतं.

निकाल काय म्हणतो?

या खटल्याचं नावच 'अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन' असं आहे. आपल्याच राज्यातली, आपल्याच समाजाची संस्था. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांमधल्या शिक्षकांना टीईटी लागू होते का, हा मूळ वाद. न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठानं १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या सेवेची पाच वर्षांपेक्षा जास्त वर्षं बाकी आहेत, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी राहिली आहेत त्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही.

अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मात्र खंडपीठानं स्वतः सोडवला नाही. २०१४ च्या 'प्रमती' निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून पूर्ण वगळलं होतं. ते बरोबर होतं का, यावर दोन न्यायमूर्तींनी शंका घेतली आणि हा मुद्दा मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवायला सांगितलं. तोवर आपल्या संस्थांवर सक्ती नाही.

समाजात यावर दोन मतं आहेत. काहींना हा घटनेच्या ३० व्या कलमावरचा घाला वाटतो. काही म्हणतात, आपल्या मुलांना पात्र शिक्षक मिळत असेल तर विरोध कशाला? दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पण दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालतात, की परीक्षा आणि चांगला शिक्षक यांचं नातं सरळ आहे. आणि दुसरी गोष्ट दोघंही विसरतात, की आपली सगळी मुलं काही आपल्या संस्थांमध्ये शिकत नाहीत.

राजूरच का?

राजूर हे अकोले तालुक्यातलं बाजाराचं गाव, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं. आजूबाजूच्या डोंगरांतून महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसं इथे खरेदी-विक्रीला येतात. डांगी जनावरांचं इथलं प्रदर्शन दूरवर माहीत आहे. आदिवासी विकास विभागाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालय राजूरलाच आहे आणि जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचा कारभार तिथून चालतो. गावात सत्यनिकेतन संस्थेचं ॲड. एम. एन. देशमुख महाविद्यालय आहे, तिथे विज्ञान शाखाही आहे.

अशा बाजारगावांत मुस्लिम घरं थोडी असतात. कुणाचं किराणा दुकान, कुणाचं गॅरेज, कुणी फळं विकतं, कुणाचं वेल्डिंगचं काम. उर्दू शाळा असते ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाला. त्यामुळे पोरं जातात ती गावातल्या मराठी शाळेत, आदिवासी आणि शेतकऱ्यांच्या मुलांच्या शेजारी बसतात. त्यांच्यापुरता 'अल्पसंख्याक संस्थेला सूट' हा विषयच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतला गणिताचा शिक्षक कसा शिकवतो, यावर त्यांचं सगळं अवलंबून. म्हणजे हा जितका आदिवासींचा प्रश्न आहे तितकाच आपलाही आहे. तो वेगळा काढता येत नाही.

राजूर घेण्याचं आणखी एक कारण आहे. विज्ञान शिकवायला इतका श्रीमंत परिसर महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडेल. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्याला आता शतक होतंय. पुढे घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपानं वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. दोन्ही जलाशयांमध्ये उंचीचा फरक सुमारे चारशे मीटर. आता साधा हिशेब : एक हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली आलं तर त्यातून साधारण एक युनिट वीज मिळते. घरात एक हजार वॉटची इस्त्री तासभर चालली तर तेवढीच वीज जाते. नववीच्या पुस्तकातली 'स्थितिज ऊर्जा' इथे मुलाच्या अंगणात उभी आहे.

कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, याच तालुक्यात. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि अकोल्याकडे उतरत जावं तसा तो झपाट्यानं कमी होतो. एका तालुक्यात एवढा फरक का, हा भूगोलाचाही प्रश्न आणि भौतिकशास्त्राचाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण देशी बियाणं जपल्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बियाणं म्हणजे जीवशास्त्राचा चालताबोलता धडा.

एवढं सगळं दारात असताना मुलांना विज्ञान अवघड का वाटतं?

वर जावं तसं खाली

४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' झालं. सुमारे २१ लाख मुलांची चाचणी घेतली. गणितात तिसरीच्या मुलांची देशाची सरासरी ६० टक्के, सहावीची ४६, आणि नववीची ३७. विज्ञानात नववीची सरासरी ४०. इयत्ता वाढत जाते आणि समज घटत जाते. तिसरीत शंभरपैकी साठ उत्तरं बरोबर देणारी पिढी नववीपर्यंत पोचते तोवर कुठेतरी धागा तुटतो.

तो बहुधा पाचवी ते आठवीत तुटतो. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, ऋण संख्या, बल, ऊर्जा, अणू या कल्पना इथे येतात. त्या पाठ करून भागत नाही, आणि शिकवणाऱ्याला स्वतःला त्या आतून उमगलेल्या नसतील तर शिकवताही येत नाहीत.

संशोधन काय सांगतं?

१९८६ साली ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं एक साधी गोष्ट मांडली, जी पुढची चाळीस वर्षं संशोधनाचा कणा ठरली. विषय येणं वेगळं आणि तो शिकवता येणं वेगळं, पण या दोन्हींच्या मध्ये तिसरं एक ज्ञान असतं. मूल कुठे अडखळणार, का अडखळणार, आणि त्याला कोणतं उदाहरण दिलं की उजेड पडेल, हे त्या विषयापुरतं माहीत असणं. 

उदाहरण घ्या. ३.२७ आणि ३.५ यांत मोठी संख्या कोणती? अनेक मुलं ३.२७ सांगतात. 'चूक' म्हणून फुली मारणं सोपं. चांगला शिक्षक ओळखतो की मुलानं २७ आणि ५ यांची तुलना केली, म्हणजे त्याच्या डोक्यात पूर्णांकाचा नियम बसलाय. मग तो म्हणतो, "हे रुपये समज. तीन रुपये सत्तावीस पैसे मोठे की तीन रुपये पन्नास पैसे?" हे ज्ञान पदवीत मिळत नाही आणि बीएड करूनही सहसा मिळत नाही.

आता टीईटीकडे पाहा. दीडशे प्रश्न, चार पर्याय, गोल काळा करायचा. सहावी ते आठवीसाठीच्या दुसऱ्या पेपरमध्ये गणित-विज्ञानाला ६० गुण. शिक्षकाला विषयाची किमान माहिती आहे का, हे त्यातून कळेल. ते तपासायलाही हरकत नाही. पण ३.२७ म्हणणाऱ्या मुलासमोर हा शिक्षक काय करेल, ते या परीक्षेला कधीच कळणार नाही.

मग शिक्षक सुधारतो कशानं? २००७ साली के. एस. युन आणि सहकाऱ्यांनी शिक्षक प्रशिक्षणावरचे १,३०० हून जास्त अभ्यास चाळले. काटेकोर निकषांवर फक्त ९ टिकले. त्यांतून दिसलं ते असं : चौदा तास किंवा त्याहून कमी प्रशिक्षणाचा मुलांच्या शिकण्यावर ठोस परिणाम दिसला नाही. सरासरी ४९ तासांचं, विषयाला धरून केलेलं प्रशिक्षण मिळालं तिथे शंभर मुलांत मधोमध असणारं मूल साधारण एकविसाव्या पायरीइतकं पुढे सरकलं.

२०१७ साली लिंडा डार्लिंग-हॅमंड यांच्या गटानं ३५ चांगले अभ्यास तपासले. यशस्वी प्रशिक्षणांत काही गोष्टी समान निघाल्या. विषय ठरलेला असतो. शिक्षक नुसतं ऐकत नाहीत, स्वतः करून पाहतात. एकाच शाळेतले किंवा परिसरातले शिक्षक मिळून शिकतात. चांगले पाठ प्रत्यक्ष दाखवले जातात. कुणी जाणकार वर्गात येऊन मदत करतो. आणि हे काही दिवसांत आटोपत नाही, महिनोन्‌महिने चालतं. वर्गात येऊन मदत करणाऱ्या जाणकाराच्या परिणामावर मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवणं सुधारतं आणि मुलांचे गुणही वाढतात, असं दिसलं. पण योजना मोठी केली, हजारो शिक्षकांवर पसरवली, की परिणाम पातळ होतो, हेही दिसलं. आपल्या देशात योजना म्हणजे लाखांच्या आकड्यातच, म्हणून हा इशारा आपण नीट ऐकायला हवा.

पन्नास तास, पण कसले?

गंमत बघा, आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. संशोधनातला आकडा ४९, आपला ५०. कागदावर आपण एक तास पुढेच आहोत.

फरक आतल्या मालात आहे. तिकडचे ४९ तास एका विषयातल्या ठरावीक घटकांवर, वर्गात करून पाहण्यासह. आपल्याकडचे ५० तास म्हणजे 'दीक्षा' ॲपवरचा एक कोर्स, 'निष्ठा'चं एक मॉड्यूल, मग एखादं अभियान, एक वेबिनार. शेवटी प्रश्नमंजुषा आणि प्रमाणपत्र. 'निष्ठा' २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा ४२ लाख शिक्षकांचं उद्दिष्ट होतं. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतरचं वरिष्ठ आणि निवड श्रेणीचं प्रशिक्षणही वेतनाशी बांधलेलं. त्यामुळे शिक्षकाचं लक्ष प्रमाणपत्राकडे जातं. त्यात त्याचा दोष कमी, रचनेचा जास्त. डोंगरातल्या शाळेत नेटवर्क शोधत टेकडीवर उभ्या राहिलेल्या शिक्षकाला व्हिडिओ 'पूर्ण' झाल्याचा हिरवा टिक हवा असतो. त्याच्या वर्गातली अडचण ऐकायला त्या ॲपमध्ये कुणी बसलेलं नसतं.

आश्रमशाळांत तर पायाच हलतोय. २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागानं शिक्षक आणि कर्मचाऱ्यांची सतराशेहून जास्त पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे एजन्सीमार्फत, भरण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षं रोजंदारीवर शिकवणाऱ्यांनी नाशिकला भर पावसात बिऱ्हाड आंदोलन केलं. राजूरचं प्रकल्प कार्यालय नाशिकच्याच अपर आयुक्तालयाखाली येतं. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्या शिक्षकाला माहीत नाही, त्याच्यावर महिनोन्‌महिने मेहनत घ्यायची कुणी, आणि त्यानं तरी ती का घ्यावी?

बाजारात हुशार, वर्गात ढ

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या लेखकांमध्ये आहेत. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांना त्यांनी तपासलं. ही मुलं किलो-ग्रॅमचे वाकडेतिकडे हिशेब तोंडी, झरझर करत होती. तेच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडलं की अडत होती. उलट, फक्त शाळेत जाणारी मुलं कागदावरचं थोडंफार करत, पण बाजाराचा हिशेब आला की गडबडत. दोन गणितांमध्ये पूल नव्हता.

आपल्या समाजाला हे वेगळं सांगायला नको. गाड्यावर बापाला मदत करणारं पोर तीस रुपये किलोच्या आठशे ग्रॅम टोमॅटोचे चोवीस रुपये क्षणात सांगतं. तेच पोर वर्गात ३० × ०.८ पाहून मान खाली घालतं, आणि शाळा त्याला 'गणितात कच्चा' ठरवून मोकळी होते.

यावर मुंबईतही काम झालंय, आणि तेही उर्दू माध्यमाच्या मुलांसोबत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ पासूनचं केंद्र. तिथे अरिंदम बोस आणि के. सुब्रमणियम यांनी धारावीतल्या महापालिका शाळांमधली उर्दू आणि इंग्रजी माध्यमाची मुलं अभ्यासली. घरच्या आणि वस्तीतल्या कामातून या मुलांकडे पैसा, मापं, अर्धा-पाव यांची बरीच समज आलेली होती. वर्गात मात्र तिचा वापर होत नव्हता. 

आपल्या भाषेत तर हा पूल आयता आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ असायची. घरात दखनी बोलणारं मूलही सव्वा, डेढ, ढाई म्हणतं. राजूरच्या बाजारात हे शब्द रोज कानावर पडतात. दशांश अपूर्णांक शिकवताना शिक्षकानं पाऊण किलोपासून सुरुवात केली तर निम्मी लढाई जिंकली. पण हे करायला शिक्षकाला मुलाचं घर, बाजार आणि पुस्तक तिन्ही एकत्र पाहायची सवय लागते. ती सवय लावणं, यालाच शिक्षक प्रशिक्षण म्हणायचं.

हे आपल्याकडेच करून पाहिलंय

'हे सगळं परदेशातलं, इथे कसं जमणार' असं म्हणायची सोय नाही. १९७० च्या दशकातच होमी भाभा केंद्रानं जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसोबत काम केलं. त्या आणि पुढच्या कामातून प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मुद्दा लावून धरला : गरीब घरातली मुलं विज्ञानात मागे पडतात त्याचं एक मोठं कारण पुस्तकाची अवजड भाषा. भाषा सोपी केली, शिक्षकाला साथ दिली, की तीच मुलं पुढे येतात.

याच केंद्रातल्या प्रा. सुग्रा चुनावाला यांचं नाव आपल्या वाचकांना माहीत असायला हवं. त्यांनी आणि चित्रा नटराजन यांनी सहकाऱ्यांसोबत शाळेत 'आरेखन आणि तंत्रज्ञान' कसं शिकवता येईल यावर काम केलं. मुलांनी आधी चित्र काढायचं, गटात भांडून-बोलून योजना ठरवायची, मग वस्तू करायची. वजन उचलणारी पवनचक्की हा त्यातला एक प्रकल्प. शहरी इंग्रजी, शहरी मराठी आणि आदिवासी भागातली मराठी शाळा अशा तिन्ही ठिकाणी तो करून पाहिला. ज्याला आज 'स्टेम' म्हणून महागड्या किटसोबत विकतात, ते काड्या, कागद, दोरा घेऊन आदिवासी मुलांसोबत तेव्हाच झालं होतं.

शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरू झाला आणि तीस वर्षं चालला. त्याचा जीव होता मासिक बैठकीत. परिसरातले विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा भेटायचे, पुढच्या पाठातले प्रयोग स्वतः करायचे, मागच्या महिन्यात काय फसलं ते बोलायचे. २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला. पण त्यातून तयार झालेले शिक्षक पुढे वर्षानुवर्षं दुसऱ्यांना शिकवत राहिले. आज पुण्याच्या आयसर संस्थेचा 'आयराइज' उपक्रम राज्यातल्या सरकारी शाळांच्या गणित-विज्ञान शिक्षकांसोबत हाताने करून शिकण्यावर भर देतोय. म्हणजे माणसं आहेत, अनुभव आहे. तो राजूरपर्यंत आणि उर्दू शाळेपर्यंत पोचवायची व्यवस्था तेवढी नाही.

लॅब आधी की गुरुजी?

सरकारचा आणि आपल्या संस्थांचाही ओढा दिसणाऱ्या गोष्टींकडे असतो. अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ ची, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. थ्रीडी प्रिंटर, रोबोटिक्सचं किट, सेन्सर. चांगलंच आहे. पण किट उघडून बसणारा, मुलाच्या 'असं का?' या प्रश्नाला न घाबरणारा शिक्षक नसेल तर त्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटातच राहते.

आपल्या समाजातही तेच. इमारत बांधायला देणगी मिळते, दारावर नाव कोरता येतं. शिक्षकाच्या प्रशिक्षणाला कोण देणगी देणार? त्यावर नाव कुठे कोरायचं? ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं मदरशांत आधुनिक विषय शिकवणाऱ्या डीएड शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार, तर बीएडधारकांचं ८ हजारांवरून १८ हजार केलं. स्वागतार्ह निर्णय. आता पुढचा प्रश्न विचारायला हवा : या शिक्षकांना गणित-विज्ञान शिकवायला साथ कोण देतंय?

काय करता येईल?

पहिली गोष्ट, नवीन काही उभारायची गरजच नाही. प्रत्येक केंद्रात महिन्याची शिक्षण परिषद होते. आज तिचा बराच वेळ परिपत्रकं, पोर्टलवरची माहिती आणि योजनांच्या आढाव्यात जातो. त्यातली निम्मी वेळ गणित-विज्ञानाच्या एका घटकाला द्या. वर्षभर एकच विषय धरा. दशांश अपूर्णांक तर दशांश अपूर्णांक. शिक्षकांनी मुलांच्या चुका झालेल्या वह्या सोबत आणाव्यात आणि त्यावर बोलावं.

दुसरी, भिंती पाडा. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, बाकीच्या शाळा जिल्हा परिषदेकडे, खासगी अनुदानित वेगळ्या, उर्दू आणखी वेगळ्या. तिस्ता नदी असो की प्रवरा, पाणी खाली वाहण्याचा नियम सगळ्यांना सारखाच. राजूरसारख्या ठिकाणी या सगळ्या शाळांचे सहावी ते आठवीचे विज्ञान शिक्षक एकत्र बसले तर दहा-बारा जणांचा छान गट होईल. गावातल्या महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेनं त्यांना महिन्यातून एक दुपार प्रयोगशाळा उघडून द्यावी. घाटघरची एक सहल शिक्षकांचीच काढावी. मुलांची नंतर.

तिसरी, उर्दू शाळांसाठी. पाठ्यपुस्तकं बालभारती उर्दूतही देते. पण प्रशिक्षणातली चर्चा, व्हिडिओ, मार्गदर्शिका मराठीत किंवा इंग्रजीत असतील तर उर्दूचा शिक्षक मागच्या बाकावर बसतो. प्रशिक्षण त्याच्या भाषेत, निदान दोन्ही भाषा जाणणाऱ्या मार्गदर्शकाकडून व्हावं, ही मागणी आपल्या शिक्षक संघटनांनी टीईटीच्या मागणीइतक्याच जोरात करावी.

चौथी, अंजुमन आणि ट्रस्टच्या विश्वस्तांसाठी. शाळेच्या खर्चात शिक्षकांच्या शिकण्यासाठी एक ओळ ठेवा. मोठी रक्कम नको. दोन शिक्षकांना वर्षातून एकदा मानखुर्दला किंवा पुण्याला पाठवा, आणि परत आल्यावर त्यांनी बाकीच्यांसमोर पाठ घ्यावा एवढीच अट घाला. निवृत्त विज्ञान शिक्षक गावोगाव आहेत. त्यांना आठवड्यातून एकदा वर्गात बोलवा, तपासणीला नाही, सोबतीला.

आणि शेवटची मागणी सरकारकडे. टीईटीची दोन वर्षांची मुदत दिलीच आहे, तर ती गाईडं आणि क्लासेसच्या हवाली करू नका. या दोन वर्षांत शिक्षक नाहीतरी विषय पुन्हा उघडणारच आहेत. त्याच काळात त्यांना विषय शिकवण्याचं खरं प्रशिक्षण द्या. परीक्षाही निघेल आणि वर्गही सुधारेल.

अहमदनगरशी शिक्षक प्रशिक्षणाचं नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा इथेच पाहिली, आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याच संस्थेत अध्यापनाचे धडे घेतल्याचं चरित्रकार सांगतात. त्यांच्या १८५६ च्या पत्रात ज्या फातिमाच्या कष्टांची काळजी आहे, तिला आज आपला समाज पहिली मुस्लिम शिक्षिका म्हणून अभिमानानं आठवतो. ज्या बाईंनी पुढे हजारोंना शिकवायची वाट काढली, त्या आधी स्वतः शिकायला बसल्या होत्या.

मोठ्या पीठाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. आपल्या बाजूनं लागो की विरोधात, राजूरच्या शाळेत सोमवारी सकाळी गणिताचा तास होणारच आहे. फळ्यावर ३.२७ आणि ३.५ लिहिलेलं असेल, आणि बाजारात हिशेब चोख करणारं एक पोर चुकीचं उत्तर देईल. त्या वेळी समोरच्या गुरुजींना त्याची चूक कळली पाहिजे. एवढ्यासाठी तरी आपण भांडलं पाहिजे.